चुना कोणाशी भांडतो? खर्र्याच्या समीकरणातली रिकामी जागा

नववीच्या वर्गात आम्ल, आम्लारी व क्षार हे प्रकरण शिकवताना मी फळ्यावर एक अर्धवट समीकरण लिहीत असे. डावीकडे एक रिकामी जागा, मग अधिकचे चिन्ह आणि चुना. बाणाच्या पलीकडे कॅल्शियमचा एखादा क्षार आणि पाणी. रिकाम्या जागी कोण, हे मुलांनी ओळखायचे. दरवर्षी हाच खेळ आणि दरवर्षी तीच उत्तरे: हायड्रोक्लोरिक आम्ल, सल्फ्युरिक आम्ल, फार तर लिंबाचा रस.

शाळा वैनगंगेच्या काठच्या एका गावात होती. नदीच्या एका अंगाला चंद्रपूर जिल्हा, दुसऱ्या अंगाला गडचिरोली. १९८२ च्या ऑगस्टपर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता, आणि बोली, धान, नाटकवेड या बाबतींत तो आजही एकच आहे. एका वर्षी मी समीकरणात नेमका क्षार लिहायला विसरलो. नुसते लिहिले, ‘काहीतरी अधिक चुना’. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘तंबाखू जी, सर!’’

वर्ग हसला. मीही हसलो. उत्तर देणाऱ्याच्या खिशात खर्र्याची पुडी होती हे साऱ्यांना ठाऊक होते. पण शिक्षकाने हसून वेळ मारून नेऊ नये म्हणून मी स्पष्टीकरण दिले, ‘‘बरोबर आहे. तंबाखूत निकोटीन असते. ते आम्ल, चुना आम्लारी. दोघांचे उदासिनीकरण होते.’’ मुलांनी ते वहीत उतरवून घेतले.

ते साफ चुकीचे होते. चूक माझ्या ध्यानात आली त्याच रात्री, आणि ती दुरुस्त करण्याच्या नादात मला जे समजले ते या लेखात सांगायचे आहे. चुना खर्र्यात कशासाठी असतो, तो तिथे नेमका कोणाशी भांडतो आणि त्या भांडणाचा फायदा कोणाला होतो, हे खर्रा घोटणाऱ्याला ठाऊक नसते. खाणाऱ्याला तर नसतेच.

हरवलेल्याला शोधण्याची रीत

आधी शाळेतली रीत सांगतो, कारण पुढे तीच लागणार आहे. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की दोघांचा तिखटपणा जातो आणि क्षार तयार होतो. क्षाराच्या नावात दोन्ही घराण्यांची खूण राहते. नावाचा पहिला भाग आम्लारीकडून आलेला असतो, दुसरा आम्लाकडून. कॅल्शियम क्लोराइड म्हटले की कॅल्शियम चुन्याचे आणि क्लोराइड हायड्रोक्लोरिक आम्लाचे. कॅल्शियम सल्फेट म्हटले की दुसरा पालक सल्फ्युरिक आम्ल. मुलाच्या नावावरून बापाचे नाव कळावे तसे हे आहे.

नावाने भागले नाही तर हिशेब करावा. अभिक्रियेत अणू नव्याने जन्मत नाहीत आणि मरतही नाहीत, म्हणून उजवीकडच्या बेरजेतून डावीकडचे ज्ञात वजा केले की अज्ञात उरते. समजा, उजवीकडे कॅल्शियम क्लोराइडचा एक आणि पाण्याचे दोन रेणू आहेत. एकूण झाले कॅल्शियम १, क्लोरीन २, हायड्रोजन ४, ऑक्सिजन २. डावीकडे चुन्याचा एक रेणू आहे. त्यात कॅल्शियम १, ऑक्सिजन २, हायड्रोजन २. वजाबाकी केली की उरतात हायड्रोजन २ आणि क्लोरीन २, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन रेणू. जागा भरली. रीत इतकी साधी आहे की सावकाराच्या वहीतली चोरी पकडणारा कुठलाही कारकून ती करू शकेल.

पण या रीतीत एक खड्डा आहे. मुले धरून चालतात की उदासिनीकरणात पाणी सुटलेच पाहिजे. ते तसे नाही. अमोनिया हा वायू आम्लारी आहे, पण हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेला तो भेटला की पाण्याचा थेंबही न सुटता पांढरा धूर होतो. तो धूर म्हणजे अमोनियम क्लोराइड, आपल्या घरातला नवसागर. अमोनियाच्या अंगात नायट्रोजनचा अणू आहे आणि तो नायट्रोजन आम्लाकडचा हायड्रोजन आयन सरळ आपल्याकडे ओढून घेतो. द्यायला त्याच्याकडे पाणी नाही, घ्यायला जागा मात्र आहे. अशा आम्लारी शाळेत फारशा भेटत नाहीत. जंगलातल्या झाडापाल्यात मात्र त्या जागोजाग आहेत.

आजीचा नवसागर

जुन्या घरांतून डोके दुखले किंवा भोवळ आली की नवसागर आणि चुना एकत्र करून हुंगायला देत. दोन्ही पदार्थ एकेकटे जवळजवळ निर्गंध. पण एकत्र चोळले की असा झणका येतो की डोळ्यांतून पाणी यावे. हा झणका अमोनियाचा.

इथे घडते ते असे. नवसागरात अमोनिया क्लोराइडशी बांधलेला, निपचित पडलेला असतो. चुना ही अमोनियापेक्षा बळकट आम्लारी. चुना येतो, नवसागरातले आम्लाचे अंग स्वतःकडे ओढतो, कॅल्शियम क्लोराइड आणि पाणी होते आणि बिचारा अमोनिया बेघर होऊन हवेत सुटतो. म्हणजे बळकट आम्लारीने दुबळ्या आम्लारीला क्षारातून हुसकावून लावले. प्रयोगशाळेत अमोनिया तयार करण्याची शालेय पद्धत हीच, फक्त तिथे परीक्षानळी आणि उष्णता असते.

आता तळहातावरचा नवसागर बाजूला ठेवा आणि त्या जागी तंबाखू ठेवा. वर तोच चुना, तोच अंगठा, तेच चोळणे.

उत्तर नावातच होते

माझी चूक कुठे झाली? मला निकोटिनिक आम्ल हे नाव आठवत होते, म्हणून निकोटीन आम्ल वाटले. निकोटिनिक आम्ल ही निराळी वस्तू. निकोटीनचे ऑक्सिडीकरण करून ते पहिल्यांदा मिळाले म्हणून नाव सारखे. पण ते म्हणजे ब-३ जीवनसत्त्व. या नामसाम्याने लोक घाबरतील म्हणून पुढे त्याला नायसिन हे नवे नाव देण्यात आले. लोक घाबरले नसतील कदाचित, पण एक शिक्षक नक्की फसला.

निकोटीन हे अल्कलॉइड आहे. हा शब्द जर्मन औषधनिर्माता माइस्नर याने १८१९ मध्ये घडवला आणि त्याचा अर्थच अल्कलीसारखे असलेले, म्हणजे आम्लारीधर्मी. त्यानंतर नऊच वर्षांनी, १८२८ मध्ये, हायडेलबर्ग येथे पोसेल्ट आणि राइमान या दोघांनी तंबाखूच्या पानातून निकोटीन वेगळे काढले. नाव आले ते फ्रान्सचा पोर्तुगालमधील वकील झाँ निको याच्यावरून. त्याने १५६० च्या सुमारास तंबाखू फ्रेंच दरबारात पोचवली होती. निकोटीनच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू आहेत आणि अमोनियाप्रमाणेच तेही हायड्रोजन आयन ओढून घेतात.

मग निकोटीन आम्लारी, चुनाही आम्लारी. दोन आम्लारींत उदासिनीकरण होत नाही. तरीही चुना पडला की तंबाखू ‘लागते’. समीकरणात कोणीतरी हरवलेले आहे, आणि ते आम्लच असले पाहिजे.

ते आम्ल पानातच असते. तंबाखूच्या पानात मॅलिक आणि सायट्रिक ही आम्ले भरपूर असतात. सायट्रिक आम्ल म्हणजे लिंबाची आंबट चव. मॅलिक आम्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७८५ मध्ये सफरचंदाच्या रसातून काढले. पण आपल्याकडच्या शेतकऱ्याला त्याची ओळख सफरचंदाहून जवळची आहे. हिवाळ्यात पहाटे हरभऱ्याच्या झाडावर जी आंब धरते आणि पाने खुडताना बोटांना झोंबते, तिच्यात हेच आम्ल आहे. तंबाखूच्या पानात निकोटीन या आम्लांशी बांधलेले असते, नवसागरात अमोनिया बांधलेला असतो तसेच.

आता रिकामी जागा भरता येते. निकोटीनचा मॅलिक आम्लाशी झालेला क्षार अधिक चुना, यापासून कॅल्शियम मॅलेट, पाणी आणि मोकळे निकोटीन. मागच्या बाकावरच्या मुलाचे उत्तर माझ्या स्पष्टीकरणापेक्षा खरे होते. रिकाम्या जागी ‘तंबाखू’ हेच हवे होते, कारण आम्ल आणि निकोटीन हे दोघेही त्या एकाच पानात होते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात चूक कबूल केली आणि त्याच मुलाची पुडी टेबलावर मागवून घेतली. खर्र्यात चुना आधीच मिसळलेला असल्याने ती उपयोगाची नव्हती. साधी पानतंबाखू आणावी लागली. ती पाण्यात भिजवून गाळली. त्या तपकिरी पाण्यात निळा लिटमस तांबूस झाला. हळदीत बुडवून वाळवलेला कागद पिवळाच राहिला. मग चुना घातला. तांबडा लिटमस निळा झाला, हळदीचा कागद लालभडक झाला, आणि भांड्यातून एक उग्र वास वर आला, जो मघाशी नव्हता. मुलींनी नाकाला ओढणी लावली. हरवलेल्या आम्लाची साक्ष त्या पहिल्या लिटमसने दिली होती.

शंभरातले किती?

बांधलेल्या आणि मोकळ्या निकोटीनमध्ये एवढा फरक काय? बांधलेल्या निकोटीनवर विद्युतभार असतो. पेशींचे आवरण स्निग्ध पदार्थांचे बनलेले असते आणि भार असलेल्या कणाला ते सहजासहजी आत घेत नाही. मोकळ्या निकोटीनवर भार नसतो. ते गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून सरळ रक्तात उतरते.

किती निकोटीन मोकळे असेल, हे सामूवर ठरते. निकोटीनच्या बाबतीत मध्यबिंदू सामू ८ च्या आसपास आहे. तिथे अर्धे बांधलेले, अर्धे मोकळे. सामू ६ असताना शंभरातला जेमतेम १ भाग मोकळा असतो. सामू ७ ला सुमारे ९ भाग. सामू ९ ला ९० भाग. सामू ६ वरून ९ वर गेला की तंबाखू तीच, निकोटीन तेवढेच, पण मोकळ्या निकोटीनचे प्रमाण नव्वदपट. चुन्याच्या संपृक्त निवळीचा सामू १२ च्या वर असतो, तेव्हा नखभर चुना हे काम आरामात करतो.

म्हणून चुन्याला मसाला समजू नये. पानाने जे बांधून ठेवले होते, ते तो सोडतो. जुना, हवेवर राहिलेला चुना ‘लागत नाही’ अशी तक्रार पानठेल्यावर ऐकू येते, तिचेही कारण यातच आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुना परत चुनखडी होतो आणि त्याचे बळ जाते. राजुरा-कोरपना भागातला जो चुनखडक सिमेंटच्या भट्ट्यांत जातो, त्याच जातीच्या दगडाला भाजून चुन्याची कळी होते, कळी पाण्यात विरघळवून चुना होतो, आणि उघडा ठेवला की तो पुन्हा दगड होऊ लागतो. डबीला झाकण घट्ट का लावायचे, हे आपल्या चंचीवाल्या आजोबांना रसायनशास्त्र न शिकता कळले होते.

हे शहाणपण एकट्या आपलेच नाही. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतातले लोक कोकाची पाने चावताना राख किंवा चुना तोंडात घेतात. कोकेन हेही अल्कलॉइडच. सिगारेटच्या कारखानदारीत तंबाखूवर अमोनियाची संयुगे वापरली गेली. आणि अलीकडच्या इलेक्ट्रॉनिक सिगारेटमध्ये गंमत उलटी आहे. मोकळे निकोटीन घशाला फार ओरखडते, म्हणून त्यात बेंझोइक आम्ल घालून पुन्हा क्षार बनवतात. धूर सौम्य लागतो आणि अधिक निकोटीन सहज ओढले जाते. एका ठिकाणी आम्ल काढून, दुसऱ्या ठिकाणी आम्ल घालून, दोन्हीकडे उद्योग एकच: निकोटीन माणसात बिनबोभाट उतरवणे.

घोटलेली पन्नी

बाहेरच्या वाचकाला खर्रा म्हणजे काय ते सांगायला हवे. बारीक कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना हे प्लास्टिकच्या पन्नीत घेऊन ठेल्यावर जोरजोराने घोटतात. पन्नी तशीच बांधून हातात देतात. धानाच्या रोवणीत बांधावर ती पुडी हातोहात फिरते. दिवाळीनंतर देसाईगंज-वडसाच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघाल्या की रातभर चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकात प्रेक्षकांत तीच फिरते. पुरुषांचे व्यसन म्हणावे तर बायाही खातात, मोठ्यांचे म्हणावे तर शाळकरी पोरेही. घोटण्यामागचे रसायनही आता उघड आहे. घोटल्याने पानाचा ओलावा, आम्ल आणि चुना एकमेकांत कालवले जातात. अभिक्रिया तोंडात जाण्याआधीच पन्नीत सुरू झालेली असते.

सुपारीची गोष्ट वेगळी आणि अधिक भयंकर आहे. तिच्यात ॲरेकोलीन नावाचे अल्कलॉइड असते. त्यालाही चुना असाच सोडवतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूसारखेच सुपारीलाही माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. सुपारीने गालाच्या आतली त्वचा हळूहळू ताठर, तंतुमय होते आणि तोंड उघडेनासे होते.

हे मला पुस्तकातून कळले नाही. माझे थोरले बंधू दंडारीत काम करायचे. आवाज असा की सोंग घेऊन उभे राहिले की मागच्या रांगेला ऐकू जायचे. डॉक्टरांनी त्यांना तोंडात तीन बोटे उभी घालून बघायला सांगितले. एकच गेले. पुढची वर्षे त्यांनी वरणाचे पाणी आणि पातळ भात यांवर काढली. माझ्या वर्गातल्या त्या चुकीच्या स्पष्टीकरणाच्या वेळी ते हयात होते आणि रोज संध्याकाळी माझ्याच ओट्यावर बसून खर्रा खात होते. मी रसायनशास्त्राचा शिक्षक. त्यांच्या पन्नीत काय चालले आहे हे मी कधी विचारले नव्हते.

प्रौढांच्या २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के आढळले, धूम्रपान करणारे ३.८ टक्के. म्हणजे आपल्या राज्याचा तंबाखूचा प्रश्न हा मुख्यतः तोंडात धरण्याच्या तंबाखूचा आहे. राज्यात जुलै २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आली. पुढे सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, खर्रा आणि मावाही तिच्या कक्षेत आले. गडचिरोलीत २०१६ पासून राज्य शासन, टाटा ट्रस्ट आणि डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था यांचा ‘मुक्तिपथ’ हा दारू आणि तंबाखू कमी करण्याचा उपक्रम गावोगाव चालू आहे. कायद्याची आणि गावाची ताकद मोठी आहे. पण मला वाटते, वर्गातल्या फळ्याचीही थोडी आहे.

एक शब्द, दोन बाजू

साहित्याच्या वाचकांसाठी शब्दाची एक गोष्ट सांगून आवरतो. आपल्या शालेय पुस्तकांत उदासिनीकरणातून तयार होणाऱ्या पदार्थाला क्षार म्हणतात. आयुर्वेदात मात्र क्षार म्हणजे राखेतून निघणारा तिखट अल्कली. जवाच्या राखेचा यवक्षार त्यातलाच. मराठी विश्वकोशाने बनलेल्या पदार्थाला लवण हा शब्द पत्करला. म्हणजे वैद्याचा क्षार समीकरणाच्या डावीकडे, अभिक्रियाकारकांत बसतो, आणि नववीच्या पुस्तकातला क्षार उजवीकडे, उत्पादितांत. एकाच शब्दाला बाणाच्या दोन्ही बाजूंना घर आहे. वर्गात अर्धा गोंधळ रसायनाचा असतो आणि अर्धा शब्दांचा. निकोटीन आणि निकोटिनिक यांत मी फसलो, तसेच एखादे मूल क्षार या शब्दात फसते. म्हणून हरवलेला पदार्थ शोधताना नावावर एकदा विश्वास ठेवावा आणि मग अणूंचा हिशेब करून तो पारखून घ्यावा.

त्या दिवशीचा प्रयोग संपल्यावर तो मुलगा टेबलापाशी रेंगाळला. बाकीचे गेल्यावर त्याने विचारले, ‘‘सर, मंग चुना नाही टाकला तं चालते का?’’

प्रश्न शास्त्रशुद्ध होता. एक अभिक्रियाकारक काढून घेतला तर अभिक्रिया थांबते, हे त्याला समजले होते. मला ‘हो’ म्हणता आले असते, पण एकदा चुकीचे सांगून झाले होते. मी म्हणालो, ‘‘लागणार कमी. पण तंबाखूत कर्करोग करणारी जी दुसरी द्रव्ये आहेत, त्यांना चुन्याची गरज नसते. आणि सुपारीलाही नसते.’’

तो थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘म्हणजे चुना काढून उपेग नाही. पुडीच काढा लागते.’’

पुढे त्याने पुडी काढली की नाही, मला माहीत नाही. दहावीनंतर तो गावाबाहेर गेला. मी मात्र त्या संध्याकाळी घरी गेल्यावर ओट्यावर दादांच्या शेजारी बसलो आणि त्यांना नवसागराची गोष्ट सांगितली. त्यांनी ती पुरी ऐकून घेतली. मग हातातली पन्नी उलगडून तिच्याकडे पाहत म्हणाले, ‘‘एवढ्या वर्षांत हे सांगाले तुले आजच सुचलं का रे?’’